नागपूरच्या गच्चीवर चंद्राची जमीन: सेन्सर स्वतः लावून शिका

चंद्रावर उतरलेल्या यानातले सेन्सर समजून घ्यायचे असतील तर त्यांच्या नावांची यादी पाठ करून फारसं काही हाती लागत नाही. त्यापेक्षा एक खोल थर्माकोलची पेटी, दगडाची बारीक चुरी, चार-पाच प्रकारचे स्वस्त सेन्सर आणि नागपूरचं मे महिन्यातलं ऊन एवढं जमवा. मी तंत्रनिकेतनात इन्स्ट्रुमेंटेशन शिकवते. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्रिमूर्तीनगरातल्या आमच्या गच्चीवर आजूबाजूच्या आठवी ते बारावीच्या मुलांबरोबर हे प्रयोग करते. पुढे दिलेली कृती तीच आहे. घरी करता येईल, शाळेत तर आणखी चांगली होईल.

या सगळ्यातून मुलांना मला एकच सवय लावायची असते. सेन्सरने आकडा दिला की लगेच वहीत उतरवायचा नाही. आधी विचारायचं, हा आकडा नेमका कशाचा? तापमानाचा सेन्सर जमिनीचं तापमान सांगत नाही, स्वतःचं सांगतो. ती दोन तापमानं एक व्हावीत ही व्यवस्था आपण करायची असते. कंपनाचा सेन्सर खडकाचं हलणं सांगत नाही, तो ज्याला चिकटवलाय त्याचं हलणं सांगतो. चंद्रावर दुरुस्तीला कुणी जाणार नाही, म्हणून तिथली उपकरणं बनवणाऱ्यांची बरीचशी मेहनत याच एका प्रश्नावर खर्च होते.

आधी चुरी

याबाबतीत नागपूर नशीबवान आहे. दख्खनच्या काळ्या बेसाल्टची पूर्वेकडची कड आपल्या शहरातूनच जाते. बर्डीची (सीताबर्डीची) टेकडी बेसाल्टची आहे, तिच्या पायाशी लामेटाचे, म्हणजे लाव्हाच्या आधी साचलेल्या गाळाचे थर आहेत, आणि शहराच्या पूर्वेला सरकलं की पट्टिताश्मासारखे (नाइससारखे) कितीतरी जुने खडक लागतात. पौर्णिमेच्या चंद्रावर जे काळपट डाग दिसतात तेही बेसाल्टच. आपला बेसाल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांचा आहे, तिथला बहुतेक तीन अब्ज वर्षांहून जुना. पण खडकाची जात तीच.

टेकडीवर जाऊन खणायचं नाही, तिथला किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. गिट्टीच्या क्रशरवर किंवा बांधकामाच्या सामानाच्या दुकानात बारीक चुरी मिळते, तिला तिथे नुसतं डस्ट म्हणतात. दोन पोती पुरतात. कन्हानची वाळू मात्र घेऊ नका. नदीने घासून तिचे कण गोल केलेले असतात. चंद्रावर पाणी नाही, वारा नाही. उल्कांच्या माऱ्याने फुटलेले कण तिथे तसेच टोकदार राहतात. क्रशरमधून नुकतीच फुटून आलेली चुरी त्यांच्या जास्त जवळची. मैद्याच्या चाळणीने ती चाळा आणि खाली पडलेली पूडच वापरा. चाळताना एन-९५ मास्क आणि चष्मा घातल्याशिवाय कुणालाही जवळ येऊ देऊ नका, आणि वारा पाठीमागून येईल असं उभं राहा. दगडाची पूड फुप्फुसाला फार वाईट, या बाबतीत माझ्याकडे सवलत नाही.

चाळलेली पूड ताडपत्रीवर पसरून मधूनमधून उलथत कडक उन्हात पूर्ण वाळू द्या. पेटी निदान ३० सेंटीमीटर खोल हवी. उथळ पेटीत खालच्या स्लॅबची उष्णता वर येते आणि मग आपण चंद्राऐवजी आपलंच छत मोजत बसतो. थर्माकोलच्या जाड भिंतींमुळे बाजूने उष्णता शिरत नाही, फक्त वरून खाली जाते. आपल्याला तेच हवं आहे.

पेटीच्या एका अर्ध्या भागात वर एक सेंटीमीटर पांढऱ्या रांगोळीचा थर द्या. कारण असं की चांद्रयान-३ चा विक्रम हा लँडर २३ ऑगस्ट २०२३ रोजी जिथे उतरला तो दक्षिण ध्रुवाकडचा भाग काळ्या बेसाल्टचा नाही, फिकट उंचवट्याचा आहे. त्याच्यातून उतरलेल्या प्रज्ञान या रोव्हरवरच्या, क्ष-किरणांवरून मूलद्रव्यं ओळखणाऱ्या एपीएक्सएस उपकरणाने तिथली माती फेल्डस्पार हे फिकट खनिज भरपूर असलेल्या अनॉर्थोसाइट जातीची असल्याचं दाखवलं. फिकट आणि काळी जमीन एकाच उन्हात किती वेगळी तापते हे रांगोळीमुळे शेजारीशेजारी दिसतं. रांगोळी खऱ्या चांद्रमातीपेक्षा खूपच जास्त उजळ असते, हे मुलांना सांगून ठेवा.

उष्णतेची सळई

विक्रमवर चास्टे नावाचं उपकरण होतं. मोटरने जमिनीत हळूहळू खुपसली जाणारी एक सळई, १० सेंटीमीटरपर्यंत जाणारी, आणि तिच्यावर वेगवेगळ्या उंचीला १० तापमान सेन्सर. दक्षिणेकडच्या इतक्या उंच अक्षांशावर चंद्राच्या मातीत असं थेट मोजमाप तोपर्यंत झालेलं नव्हतं. आपण पाच सेन्सरची सळई करू.

बर्डीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर मागा. दुकानदार बहुधा स्टीलच्या नळीत बसवलेला, लांब वायरचा सेन्सर पुढे करेल. तो घेऊ नका. ती नळी काही सेंटीमीटर लांब असते आणि स्टील उष्णता वाहून नेतं, त्यामुळे ती चार-पाच सेंटीमीटर खोलीची सरासरी सांगेल. आपल्याला एकेक सेंटीमीटर वेगळा हवा आहे. ट्रान्झिस्टरसारखा दिसणारा, तीन पायांचा उघडा काळा तुकडा घ्या. पाचही सेन्सर एकाच तारेवर जोडता येतात, कारण प्रत्येकाला कारखान्यातूनच स्वतंत्र क्रमांक दिलेला असतो. डेटाची तार आणि ३.३ व्होल्ट यांच्यामध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर लावायचा, बाकी काम ईएसपी३२ हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड आणि त्याची तयार प्रोग्रॅम लायब्ररी करतात. पायांना पातळ हीटश्रिंक नळी चढवा.

जोडण्याआधी पाचही सेन्सर एका पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून थर्मासमधल्या बर्फाच्या पाण्यात बुडवा. बर्फ बारीक फोडलेला आणि पाणी त्याच्या फटी भरेल इतकंच. पंधरा मिनिटांनी सगळ्यांनी ० अंश दाखवायला हवं. दाखवणार नाहीत. कंपनी अर्ध्या अंशाची चूक गृहीत धरते, म्हणून दोन सेन्सरमध्ये एक अंशाचाही फरक असू शकतो. प्रत्येकाचा फरक त्याच्या क्रमांकासमोर लिहून ठेवा आणि पुढे प्रत्येक वाचनातून वजा करा. मग तेच कोमट पाण्यात, एका चांगल्या थर्मामीटरसोबत पुन्हा पाहा. एवढं केल्याशिवाय सेन्सर मातीत घालायचा नाही.

सळई बांबूच्या कामटीची करा, लोखंडी गजाची नको. गज उन्हात तापेल आणि वरची उष्णता स्वतःच खाली पोहोचवेल. खऱ्या उपकरणातही सळईच्या बाहेरच्या अंगासाठी उष्णता कमी वाहणारं साहित्यच लागतं, त्याचं कारण हेच. सेन्सर ०.३, २, ४, ७ आणि १० सेंटीमीटरवर बांधा. सगळ्यात वरचा उघडा ठेवू नका, त्यावर दोन-तीन मिलिमीटर चुरी असू द्या. काळ्या तुकड्यावर थेट ऊन पडलं तर तो मातीचं नाही, आपल्या काळ्या कवचाचं तापमान सांगतो.

तारांचीही काळजी घ्या. प्रत्येक सेन्सरची तार लगेच सरळ वर काढायची नाही. त्याच खोलीवर आडवी काही सेंटीमीटर नेऊन मग वर आणा. तांब्याची तार उष्णता छान वाहते. ती आडवी असली की सेन्सरपर्यंत येतायेता आजूबाजूच्या मातीच्या तापमानाला आलेली असते. बाहेर आलेली केबल पेटीच्या कडेला पक्की बांधा. १९७२ साली अपोलो १६ च्या उष्णता मोजण्याच्या उपकरणाची केबल अंतराळवीराच्या पायात अडकून तुटली आणि तो प्रयोग तिथेच संपला. माझ्या गच्चीवर मुलं पळत असतात, म्हणून ही गोष्ट मी पहिल्याच दिवशी सांगते.

बोर्ड आणि पॉवर बँक जिन्याच्या सावलीत ठेवा. मे महिन्यातल्या गच्चीवर लिथियमची बॅटरी उन्हात ठेवणं धोक्याचं आहे.

आता दर मिनिटाला एक वाचन, सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत. हवा ४५ अंश असेल तेव्हा काळ्या चुरीचा वरचा थर ६० च्या पुढे सहज जातो. पण आलेखाची खरी गंमत १० सेंटीमीटरच्या रेषेत आहे. वरची रेषा दुपारी शिखर गाठून उतरायला लागते तेव्हा खालची अजून चढत असते. तिचं शिखर चार-पाच तास उशिरा, संध्याकाळी येतं आणि बरंच बुटकं असतं. या उशिरावरून आणि बुटकेपणावरून मातीतून उष्णता किती सावकाश सरकते ते काढता येतं. बारावीची मुलं हे गणित करू शकतात.

मग चास्टेचा आलेख शेजारी ठेवा. पृष्ठभाग तापलेला, आणि जेमतेम ८ सेंटीमीटर खाली उणे १० अंशांच्या आसपास. एवढा उतार आपल्या पेटीत कधीच येणार नाही, आणि तो का येणार नाही हे समजलं की चांद्रमाती समजली. आपल्या चुरीच्या कणांमध्ये हवा आहे, ती उष्णता एका कणाकडून दुसऱ्याकडे पोहोचवते. चंद्रावर मधली जागा रिकामी. उष्णता फक्त कण जिथे एकमेकांना टेकतात त्या टोकांतून आणि थोडी किरणांच्या रूपाने जाते. त्यामुळे वरच्या थराची उष्णता वाहण्याची क्षमता आपल्या कोरड्या वाळूच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास येते. अपोलो १५ आणि १७ च्या वेळी सेन्सर आणखी खोल, छिद्रं पाडून घातले होते. तिथे दिवस-रात्रीचा चढउतार पोहोचतच नाही, आणि म्हणून चंद्राच्या पोटातून येणारी उष्णता मोजता आली.

सहा अंशांचा उतार

हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो. चास्टेने जिथे सळई खुपसली तिथे जमीन सूर्याकडे जेमतेम ६ अंश कललेली होती. तिथे पृष्ठभागाचं तापमान ३५५ केल्व्हिन, म्हणजे ८२ अंश सेल्सिअस भरलं. साधारण एक मीटर अंतरावरच्या सपाट जमिनीवर ३३२ केल्व्हिन, म्हणजे ५९ अंश. एका मीटरमध्ये २३ अंशांचा फरक!

हे वहीत पडताळून पाहता येतं. उतरण्याची जागा सुमारे ६९ अंश दक्षिणेला आहे, म्हणून भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून विसेक अंशच वर. सपाट जमिनीवर पडणारं ऊन २० अंशांच्या साइनइतकं, ०.३४२. सूर्याकडे ६ अंश कललेल्या जमिनीवर २६ अंशांच्या साइनइतकं, ०.४३८. म्हणजे २८ टक्के जास्त. चंद्रावर हवा नसल्याने जमीन आपली उष्णता जवळजवळ सगळी किरणांनीच बाहेर टाकते, आणि ती तापमानाच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढते. मग १.२८ चं चौथं मूळ काढा, साधारण १.०६४ येतं. त्याने ३३२ ला गुणा. उत्तर ३५३ च्या जवळ. सळईने ३५५ दाखवलं. अकरावीच्या त्रिकोणमितीने चंद्रावरचं मोजमाप दोन केल्व्हिनच्या आत येतं, हे पाहून मुलं पुन्हापुन्हा कॅल्क्युलेटर चालवतात.

गच्चीवर करायचं असं. चुरीचा एक भाग फूटपट्टीने सपाट करा, शेजारचा सूर्याकडे कललेला करा. ३० सेंटीमीटर लांबीत ३ सेंटीमीटरपेक्षा थोडी जास्त उंची दिली की ६ अंश होतात. फोनमधल्या कोनमापकाने तपासा. दोन्हीकडे पृष्ठभागाखाली सारख्याच खोलीवर एकेक सेन्सर. वेळ साधायची ती सूर्य २० अंशांवर असतानाची, म्हणजे मे महिन्यात सूर्योदयानंतर साधारण दीड तासाने. घड्याळापेक्षा काडी बरी. चुरीत १० सेंटीमीटरची काडी उभी करा, सावली साडेसत्तावीस सेंटीमीटर झाली की सूर्य २० अंशांवर आहे. हवा आणि वारा उष्णता पळवत असल्याने फरक थोडाच येईल, पण उताराची बाजू पुढे राहते हे स्पष्ट दिसतं. वारा असेल त्या दिवशी चारही बाजूंनी पुठ्ठे उभे करा.

काडी तशीच ठेवून चुरीत काही गिट्ट्या टाका आणि वरून, अगदी सरळ खाली, फोनने फोटो काढा. फोटोतली सावली मोजून पावणेतीनने भागली की गिट्टीची उंची. चांद्रयान-२ च्या कक्षेतल्या कॅमेऱ्याची नजर १०० किलोमीटरवरून पाव मीटर बारीक आहे; त्याच्या चित्रांमधल्या शिळांची उंची सावलीवरून अशीच काढता येते.

अंतर: आवाजाने, मग प्रकाशाने

एचसी-एसआर०४ हा आवाजाच्या प्रतिध्वनीवर चालणारा सेन्सर शाळांच्या प्रदर्शनात सगळीकडे दिसतो. तो पेटीच्या वर एक मीटरवर टांगा आणि सकाळी सहाला व दुपारी तीनला तेच अंतर मोजा. आवाजाचा वेग २० अंशांना सेकंदाला ३४३ मीटर असतो, ४५ अंशांना ३५८ च्या आसपास. वेग एकच धरणारा प्रोग्रॅम त्यामुळे २० अंशांच्या तुलनेत एका मीटरला चार सेंटीमीटर चुकतो. म्हणजे हा सेन्सर अंतराबरोबर हवाही मोजतोय. मग मुलांना विचारा, हा चंद्रावर काय दाखवेल? आमच्या एका सातवीतल्या पाहुणीने उत्तर दिलं होतं, "काकू, तिथं हवाच नाही नं, तर ह्याला काहीच ऐकू येणार नाही." बरोबर आहे.

म्हणून चंद्रावर अंतर मोजायला लेसर आणि रेडिओ लहरी लागतात. व्हीएल५३एल०एक्स हा छोटा लेसर सेन्सर डोळ्याला सुरक्षित असतो आणि दोनेक मीटरपर्यंत मोजतो. तो दुपारी लावून पाहा, उन्हात त्याचं अंतर एकदम आखडतं, कारण सूर्यप्रकाशातही त्याच्या ९४० नॅनोमीटरच्या पट्ट्यातले किरण असतात. संध्याकाळी तोच नीट चालतो. आता मास्क घालून सेन्सर आणि जमीन यांच्या मधून चिमूटभर पूड सोडा. आकडे उड्या मारायला लागतील, सेन्सर धुळीलाच जमीन समजेल.

उतरताना विक्रमपुढे हाच प्रश्न होता. इंजिनाच्या झोताने सुमारे दोन टन माती १०८ चौरस मीटरवर उधळली गेली, असा अंदाज इस्रोच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने कक्षेतल्या चित्रांवरून काढला. याच केंद्राचं मध्य विभागाचं प्रादेशिक कार्यालय आपल्या नागपुरात आहे. विक्रमवर लेसर उंचीमापकाच्या जोडीला का-बँड रडारही होतं. त्याच्या लहरी मिलिमीटरांत मोजाव्या लागतील इतक्या लांब असतात, त्यामुळे बारीक धूळ त्यांना फारशी अडवत नाही. शिवाय जमिनीच्या तुलनेत स्वतःचा वेग मोजणारं लेसर डॉप्लर उपकरण चांद्रयान-३ मध्ये नव्याने जोडलं होतं, आणि धोक्याची जागा ओळखणारे कॅमेरे होतेच. एकाच्या आकड्यावर यान उतरवत नाहीत. दोन वेगळ्या तऱ्हेने चुकणारे सेन्सर एकच उत्तर देतात तेव्हाच ते उत्तर धरतात.

कंपन

विक्रमवरचं इल्सा हे उपकरण सिलिकॉनच्या सूक्ष्म त्वरणमापकांचं होतं. त्याच जातीचा, मात्र फार भरड भाऊ म्हणजे एमपीयू-६०५०. इल्सा त्याच्यापेक्षा हजार पटींहून बारीक हालचाल टिपू शकतं, तरी शिकायला हा पुरतो. सेकंदाला निदान १०० वाचनं घ्या.

तोच सेन्सर तीन तऱ्हेने ठेवा: स्लॅबवर नुसता, दुहेरी टेपने चिकटवून, आणि एका लहान फरशीच्या तुकड्यावर स्क्रूने बसवून तो तुकडा प्लॅस्टर ऑफ पॅरिसने स्लॅबला जोडून. मग तीन मीटरवर वाळूची पिशवी कमरेच्या उंचीवरून टाका. नुसता ठेवलेला सेन्सर स्वतःच खडखडतो, टेपवाल्याचा आलेख लवचीक येतो, जोडलेल्याचा ठोका स्पष्ट दिसतो. विक्रमवर इल्सा खाली जमिनीवर उतरवण्याची सोय होती ती यासाठीच.

आमच्याकडे मे महिन्यात सगळ्यात मोठा गोंधळ कूलर करतात. त्यांच्या पंख्याची मोटर मिनिटाला १,४०० च्या आसपास फिरते, म्हणून आलेखाचं वारंवारतेत रूपांतर केलं की २३ हर्ट्झजवळ एक सुळका उभा राहतो. शेजारच्या घरी विचारून पाच मिनिटं कूलर बंद करवून घ्या, सुळका गायब होतो आणि खाली हिंगणा रोडवरच्या ट्रकांची मंद थरथर उरते. चंद्रावर कूलर नाहीत, पण यान स्वतः आवाज करतं: पंप, मोटरी, उन्हाने प्रसरण पावणारे धातूचे भाग. इल्साने प्रज्ञानच्या चालण्याची कंपनं टिपली, आणि २६ ऑगस्टला एक वेगळी, नैसर्गिक वाटणारी घटनाही. ती वेगळी आहे हे म्हणता आलं ते यानाच्या स्वतःच्या कंपनांची ओळख आधी होती म्हणूनच.

१९६९ साली अपोलो १२ च्या चांद्रयानाचा वरचा भाग मुद्दाम चंद्रावर आपटला, तेव्हा तिथल्या कंपनमापकावर थरथर जवळजवळ तासभर चालू राहिली. कोरड्या, भेगाळलेल्या खडकात लहरी विखुरतात पण विझत नाहीत. आपल्या पेटीतल्या भुसभुशीत चुरीत सेन्सर पुरून पाहा, ठोका लगेच मरतो. पृथ्वीवरची माती आणि चंद्राचं कवच यांतला हा फरक मुलांच्या लक्षात राहतो.

ओलावा की बर्फ?

हा प्रयोग शेवटी ठेवा, कारण यात चुरी ओली होते. कुंडीतल्या मातीचा ओलावा मोजणारा कपॅसिटिव्ह सेन्सर घ्या. दोन टोकांवर करंट सोडणारा, गंजणारा जुना प्रकार नको. त्याच्या कडांना नेलपेंट लावून सुकवा. कोरड्या चुरीत एक वाचन, पाणी मिसळलेल्या चुरीत एक वाचन. फरक मोठा येतो, कारण हा सेन्सर परावैद्युत स्थिरांक (डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट) मोजतो, म्हणजे विजेच्या क्षेत्राला तो पदार्थ किती प्रतिसाद देतो त्याचा आकडा. कोरड्या पुडीचा तो तीन-चार असतो, पाण्याचा ८०. आता ती ओली चुरी सेन्सरसकट डब्यात घालून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा आणि सकाळी तिथेच वाचा. आकडा कोरड्याच्या दिशेने परत गेलेला दिसेल. पाणी तेवढंच आहे, पण गोठलेल्या पाण्याचा स्थिरांक जेमतेम ३.२ असतो, दगडाच्या पुडीइतकाच.

ध्रुवाजवळच्या कायम सावलीतल्या विवरांत बर्फ शोधणं का अवघड आहे, ते या एका डब्यात कळतं. रडारला बर्फ आणि कोरडी माती वेगळी ओळखताना याच अडचणीला तोंड द्यावं लागतं. म्हणून १९९८ मध्ये नासाच्या लूनार प्रॉस्पेक्टर यानाने न्यूट्रॉन मोजले. हायड्रोजन न्यूट्रॉनचा वेग कमी करतो, मग तो पाण्यात असो की बर्फात. चांद्रयान-१ वरच्या नासाच्या एम-क्यूब उपकरणाने ३ मायक्रॉनजवळच्या प्रकाशाच्या शोषणावरून पाण्याची आणि हायड्रॉक्सिलची खूण दिली. आणि ९ ऑक्टोबर २००९ रोजी एलक्रॉस मोहिमेत रॉकेटचा भाग कॅबियस विवरात आदळवून उडालेल्या ढगात पाणी थेट पाहिलं. उडालेल्या मातीत ते वजनाने साडेपाच टक्क्यांच्या आसपास निघालं.

दगडात काय आहे

याची घरगुती नक्कल मर्यादितच. प्रज्ञानवरचं लिब्ज उपकरण लेसरच्या ठिणगीने मातीचा प्लाझ्मा करतं आणि त्याच्या प्रकाशातले रंग वाचतं. त्याने तिथे गंधक असल्याचं दाखवलं. तीव्र लेसर घेऊन हा प्रयोग कुणीही घरी करू नये, डोळा जायला एक क्षण पुरतो. जुन्या डीव्हीडीचा तुकडा काळ्या पुठ्ठ्याच्या डब्यात बसवून, समोर ब्लेडच्या कडांची बारीक फट ठेवून आधी ट्यूबलाइट पाहा आणि मग मोठ्यांच्या देखत स्पिरिटच्या दिव्यात मिठाचा खडा धरा. सोडियमची ५८९ नॅनोमीटरची पिवळी रेघ लख्ख दिसते. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघा ठरलेल्या, एवढं कळलं की लिब्ज कळलं. एपीएक्सएसमध्ये क्युरियमचा किरणोत्सारी स्रोत असतो आणि मातीतून परतणारे क्ष-किरण वाचले जातात. ते घरी नाही, पण गांधीसागरासमोरच्या रमण विज्ञान केंद्रात मुलांना नेलं की वर्णपटाचे प्रश्न आपोआप निघतात.

आवरताना

मृगाचा पाऊस यायच्या आत पेटी खाली घ्या. कोरडी चुरी झाकणाच्या डब्यात भरा, ओली वेगळी वाळवा, रांगोळीचा थर आधी खरवडून काढा. सळई मोडून टाकू नका. तापमानाचे पाचही सेन्सर पुन्हा बर्फाच्या पाण्यात बुडवून ० अंशाचं वाचन घ्या आणि सुरुवातीच्या नोंदीशेजारी लिहा. एखादा पाव अंशापेक्षा जास्त सरकला असेल तर त्या सेन्सरची आधीची सगळी वाचनं पेन्सिलने गोल करून ठेवा आणि निष्कर्ष काढताना ती धरू नका. पुढच्या उन्हाळ्यात तो सेन्सर बदला, बाकीच्या चारांना त्याच कामटीवर त्याच खोलीला राहू द्या, म्हणजे दोन वर्षांचे आलेख एकमेकांवर ठेवता येतील.